सोसायटीची घंटा कोणी, कधी आणि कशासाठी वाजवायची? (नोटिफिकेशन्स आवरायचे सोपे उपाय सुचवा)

खाडीपल्याड | शनिवार, रात्री १०.१२

मंडळी, सल्ला हवाय.

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत विंग चार, आणि निरोप पोहोचवायच्या वाटा त्याहून जास्त. गेटचं ॲप, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, प्रत्येक विंगचा वेगळा ग्रुप, महिला मंडळ, पार्किंगवाल्यांचा ग्रुप (हा सगळ्यात तापट), लिफ्टमधला कागद आणि वॉचमनचा इंटरकॉम. परवा शटडाऊन होता. 'उद्या पाणी येणार नाही' हा मेसेज आदल्या दुपारी मुख्य ग्रुपवर पडला होता. त्याच्यावर दोन वाढदिवस, एक सत्यनारायणाचं आमंत्रण आणि 'जुना कूलर द्यायचा आहे' एवढं चढलं. सकाळी निम्मी बिल्डिंग कोरड्या नळाखाली बादली लावून उभी.

समितीच्या बैठकीत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. 'तू ते ॲपच्या डिझाईनचं काम करतेस ना? मग तूच काहीतरी काढ.' करते खरं, ऐरोलीला एका कंपनीत स्क्रीन आखते. पण आमच्याच धंद्याने हा घोळ घातलाय, म्हणून उत्तर आमच्याकडे असेलच असं नाही.

माझा पवित्रा आधीच सांगते. 'सेटिंग्जमध्ये जा आणि नको ते बंद कर' हा सल्ला मला पटत नाही. पसारा करणारा नामानिराळा, आणि ज्याला त्रास होतोय त्यानेच आवरत बसायचं, हा कुठला न्याय? फोनमध्ये ॲप शंभरावर, प्रत्येकाच्या पोटात पाच-सात बटणं. एवढं आवरायला मेनटेनन्सच्या पैशात माणूस ठेवावा लागेल.

तर सोसायटीपुरता नियम कसा असावा? घरच्या ज्येष्ठांच्या फोनवर तुम्ही काय करून ठेवलंय? आणि जिथे घंटा वाजणं हाच कामाचा भाग असतो अशा धंद्यातलं कोणी इथे आहे का?

तलावपाळी | शनिवार, रात्री १०.३१

सोप्पंय. सगळं बंद. मी कधीचंच केलंय. मला हवं तेव्हा मी फोनकडे बघतो, फोनने माझ्याकडे बघायची गरज नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने | शनिवार, रात्री १०.३८

तलावपाळी, तुमच्यासारखेच सभासद मग सकाळी साडेसहाला माझी बेल दाबून विचारतात, 'पाणी का नाही हो?'

कळव्याचा_बंड्या | शनिवार, रात्री ११.०५

गेटच्या ॲपवर मला स्वतंत्र धागा काढायचा होता, इथेच ओकतो. 'तुमच्याकडे पाहुणे आलेत, सोडू का?' आणि 'पेस्ट कंट्रोलवर घसघशीत सूट' या दोन्हींना सेम टू सेम आवाज. पहिल्याला उत्तर नाही दिलं तर पाहुणा खाली उन्हात उभा, म्हणून आवाज बंदही करता येत नाही. नाक दाबून तोंड उघडायचा धंदा आहे हा. ॲपचं नाव घेत नाही, तीन-चार आहेत, उडदामाजी काळे गोरे.

बाकी रुमाल टाकून ठेवतो, वाचतोय.

पॅनलवाला | रविवार, सकाळी ७.२०

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्यासाठीच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य गेलं, इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. आता नेरुळला निवांत.

आमच्या उमेदीच्या काळात पॅनलवरचा अलार्म म्हणजे खरोखरीची काचेची चौकट. आत बल्ब, काचेवर नाव: 'टाकी ३, पातळी जास्त'. एक अलार्म वाढवायचा तर पॅनलवर जागा शोधा, वायर ओढा, खर्च मंजूर करून घ्या. त्यामुळे माणूस दहादा विचार करायचा. पुढे संगणक आले, अलार्म टाकणं फुकट झालं. मग काय, प्रत्येक टाकीला जास्त, फार जास्त, कमी, फार कमी. मिळतंय तर घ्या. ऑपरेटर बिचारा आवाज आला की न बघता ॲकनॉलेजचं ('कळलं, बघतो' असं सांगायचं) बटण दाबायचा. मी स्वतः माणसं बघितली आहेत, वर्तमानपत्रातून डोकं न काढता नेमका हात बटणावर.

याचा शेवट कुठे होतो ते आमच्या क्षेत्रात सगळ्यांना शिकवतात. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनजवळच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. सकाळच्या विजांच्या वादळाने प्लांट हलला होता, स्फोट दुपारी. मधले काही तास माणसं झुंजत होती. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद अडकलेला आणि पडद्यावर मात्र उघडा दिसत होता. शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. सांगा, कुठला बघणार? २६ जण जखमी झाले. रविवार होता म्हणून माणसं कमी होती.

त्यानंतर लोक शहाणे झाले. ब्रिटनमध्ये १९९९ ला ईईएमयूए १९१ नावाची मार्गदर्शिका निघाली, अमेरिकेत पुढे आयएसए १८.२ हे मानक. आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला 'फ्लड' म्हणायचं, म्हणजे पूर. आणि सगळ्या अलार्मपैकी सर्वोच्च दर्जाचे साधारण ५ टक्केच असावेत.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं होतं ते 'रॅशनलायझेशन'. मोठ्या टेबलाभोवती प्रोसेस, मेंटेनन्स, सेफ्टी आणि शिफ्टचा ऑपरेटर असे सगळे बसायचे. एकेक अलार्म घ्यायचा आणि विचारायचं: हा वाजल्यावर ऑपरेटर काय करणार? किती वेळात करणार? नाही केलं तर काय होईल? पहिल्याच प्रश्नाला 'तो लक्ष ठेवेल' असं उत्तर आलं की अलार्म खोडायचा. लक्ष ठेवणं ही कृती नव्हे. ती माहिती लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत जाईल, ज्याला हवी तो बघेल. सुरुवातीला भांडणं व्हायची, कारण प्रत्येक खात्याला आपला अलार्म लाडका.

तुमच्या ग्रुपला लावून बघा. 'उद्या पाणी नाही': आज रात्री भरून ठेवायचं, नाही भरलं तर उद्या हाल. अलार्म. वाढदिवस: लॉग. कूलर: लॉग. सत्यनारायण: लॉग, प्रसादाची वेळ झाली की वाटल्यास अलार्म.

तलावपाळी | रविवार, सकाळी ८.०२

पॅनलवाले काका, दंडवत. पण एक फरक विसरताय. तुमच्या प्लांटमध्ये अलार्म वाजवून कोणी पैसे कमवत नव्हतं.

पॅनलवाला | रविवार, सकाळी ८.१५

मान्य. तिथे आमचे हात टेकले.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९.४०

ड्युटी संपवून ट्रान्सहार्बर लोकलने घरी येताना वाचलं. मी ठाण्यात आयसीयूत सिस्टर आहे. काकांचा प्रतिसाद आमच्या वॉर्डात डकवावा असा आहे.

आमच्याकडेही तीन दर्जे असतात, आंतरराष्ट्रीय मानकच आहे त्याचं: लाल म्हणजे तातडी, पिवळा मध्यम, निळसर खालचा. आवाजाची लयही वेगळी. अंधारात पाठ करून उभी असले तरी सिरिंज पंप ओरडतोय की व्हेंटिलेटर, हे कानाला कळतं. फोनवाल्यांनी हे उचललं पाहिजे. माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आणि मावशीचं सुप्रभात यांचा टिंग एकच.

दुसरं, खोटा अलार्म वाजतो तेव्हा दोष बहुतेकदा मूळ जागी असतो. छातीवरचा इलेक्ट्रोड (ठोके टिपणारी चिकटपट्टी) सुकला, सुटत आला, घामाने निसटला, की मॉनिटर हृदयाचा ठोका चुकल्यासारखं ओरडायला लागतो. नवीन मुली येऊन आवाज बंद करतात, दोन मिनिटांत परत सुरू. इलेक्ट्रोड काढायचा, कातडी पुसून कोरडी करायची, नवा लावायचा. मग तो बेड रात्रभर शांत. तसंच लिमिटचं. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) काही पेशंटना रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवायचा असतो. मशीनवर आधीपासून ९० लावलेलं असेल तर ते त्याच्यासाठी सतत किंचाळणार. डॉक्टरांना विचारून त्या पेशंटपुरतं लिमिट बदलायचं असतं. तेवढं केलं नाही की आठव्या बेडचा आवाज म्हणजे नेहमीचाच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसतं, आणि धोका तिथेच असतो.

म्हणून खाडीपल्याड यांना माझं अनुमोदन. ऐकणाऱ्याने कान बंद करण्याआधी वाजवणाऱ्याने इलेक्ट्रोड तपासावा.

आता झोपते.

खाडीपल्याड | रविवार, दुपारी १२.१०

रात्रपाळी, काका, मनापासून आभार.

तलावपाळींचा मुद्दा कळीचा आहे, त्यावर आमच्या बाजूने काय झालं ते सांगते. फोन बनवणाऱ्यांनी काहीच केलं नाही असं नाही. ॲन्ड्रॉइडने २०१७ मध्ये, आठव्या आवृत्तीत, 'चॅनेल' आणली. म्हणजे ॲपने आपल्या सूचनांचे वर्ग पाडायचे: ऑर्डर, ऑफर, चॅट वगैरे. वर्गाचा दर्जा एकदा ठरला की ॲपला तो परस्पर वाढवता येत नाही, बदलायचा हक्क आपला. २०२२ मध्ये तेराव्या आवृत्तीपासून नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी परवानगी मागावी लागते. आयफोनवर २०२१ पासून सूचनांचे चार स्तर आहेत. सगळ्यात वरचा, म्हणजे फोन म्यूट असतानाही वाजणारा, वापरायला ॲपलची खास मंजुरी लागते. त्याखालचा 'टाइम सेन्सिटिव्ह' मात्र ॲपने स्वतःच जाहीर करायचा. जाहिरातीसाठी वापरू नका असं नियमात लिहिलंय.

म्हणजे दप्तरं, कप्पे, लेबलं सगळं तयार आहे. पण लेबल चिकटवायचं काम ज्याच्या हाती त्यालाच आरडाओरड करण्यात फायदा. बंड्याच्या गेट ॲपने पाहुणा आणि पेस्ट कंट्रोल एकाच वर्गात कोंबले की तो वर्ग बंद करायची तुमची छाती होत नाही. हे अज्ञान नसतं. मी अशा बैठकांना बसलेय, 'वेगळं चॅनेल केलं तर लोक ते बंद करतील ना' हे वाक्य कानांनी ऐकलंय.

बंड्या, तरी एकदा बघ. सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धर. वर्ग वेगळे असतील तर तिथल्या तिथे ती जात 'सायलेंट' करता येते, सेटिंग्जचा चक्रव्यूह नको. काही फोनमध्ये हे वर्ग लपवून ठेवलेले असतात. तेव्हा नोटिफिकेशनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'कॅटेगरी' दाखवण्याचं बटण शोध.

कळव्याचा_बंड्या | रविवार, दुपारी १२.४४

दाबून धरलं. निघालं की! 'व्हिजिटर', 'कम्युनिटी' आणि 'जनरल' असे तीन आहेत. पेस्ट कंट्रोल 'जनरल'मध्ये होतं, गचांडी धरली. पण सोसायटीची नोटीसही 'जनरल'मध्येच येते म्हणे. म्हणजे आता पाण्याचंही कळणार नाही. 😐

खाडीपल्याड | रविवार, दुपारी १२.५०

बघितलंस ना. सुका इलेक्ट्रोड तो हाच.

वकील_पण_शांत | रविवार, दुपारी २.१५

कायद्याच्या अंगाने थोडं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. खरेदी करावी म्हणून वारंवार टोकत राहणं, म्हणजे 'नॅगिंग', हा त्यातलाच एक, आणि खोटी घाई निर्माण करणं हा दुसरा. 'फक्त दहा मिनिटं उरली!' वाचून काढलेला स्क्रीनशॉट जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

लेबलाच्या बाबतीत एसएमएसचं बघा. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता डॅश देऊन एक अक्षर येतं: पी म्हणजे प्रचार, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. पाठवणारा आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, म्हणजे लेबल ठरवणारा आणि पाठवणारा एकच नाही. जाहिरातीचे नको असतील तर १९०९ आहे. कारभार अजून शंभर टक्के सुधारलाय असा माझा दावा नाही, माझ्याच फोनवर कर्जवाले येतात. पण दिशा बरोबर आहे. ॲपच्या सूचनांना असं काहीच नाही.

तलावपाळी | रविवार, दुपारी २.४०

२०२३ मध्ये सरकारने सेल ब्रॉडकास्टची (टॉवरवरून भागातल्या सगळ्या फोनना एकदम इशारा पाठवायची) चाचणी घेतली होती, आठवतेय? ऑफिसात एकाच वेळी सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे कोकलले. माझ्या 'सगळं बंद'ला भेदून आलेला तो एकमेव. आणि खरं सांगायचं तर त्याचा राग आला नाही. पूर आला, गॅस गळती झाली, तर असंच वाजलं पाहिजे.

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, दुपारी २.५५

तसा भोंगा सोसायटीला मिळेल का? मेनटेनन्स थकवणाऱ्यांसाठी हवाय.

नौपाड्याची_आजी | रविवार, संध्याकाळी ५.३०

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. सुनेने टायपायला शिकवलंय.

तुम्ही सगळे टिंग नको, टिंग नको म्हणताय. मी एकटी असते दुपारची. टिंग झालं की कोणीतरी आठवण काढली असं वाटतं. बहुतेक वेळा काही काम नसतंच, पण मला ते काढून टाकायचं नाही. नातवाने मागच्या वेळी येऊन सगळं 'क्लीन' करून दिलं. घर एकदम सुनं झालं. मग शेजारच्या मुलीकडून परत चालू करून घेतलं.

मला त्रास कसला होतो ते सांगते. वर गर्दी झाली की ती पट्टी ओढून खाली घ्यायला जमत नाही. बोट सरकलं की कुठलं तरी भलतंच उघडतं. आणि ते 'ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते' येतं, त्यात 'अलाऊ' मोठ्या निळ्या अक्षरात असतं. मला वाटायचं दाबल्याशिवाय बातमी वाचताच येणार नाही. मग 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' म्हणून येत राहतं.

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ६.१०

आजी, तुमच्या पहिल्या परिच्छेदापुढे आमची सगळी मानकं गप्प. आयसीयूत ऐकू येतं ते फक्त काम असतं. घरात तसं नसतं.

पॅनलवाला | रविवार, संध्याकाळी ६.२५

सहमत, आजी. 'वाजल्यावर काय करणार?' या प्रश्नाला 'हसणार' हे उत्तर आमच्या फॉर्ममध्ये नव्हतं. तो रकाना घालायला हवा होता.

खाडीपल्याड | रविवार, संध्याकाळी ७.००

आजी, फार बरं झालं लिहिलंत. ज्येष्ठांसाठी 'सोपं' म्हणजे 'कमी' असं आम्ही धरून चालतो. तुम्हाला कमी नकोय, ओळखीच्यांचं हवंय आणि अनोळखी नकोय.

त्या व्हायरसवाल्या सूचना फोनमधून येत नाहीत, ब्राउझरमधून येतात. शेजारच्या मुलीला सांगा: क्रोम उघड, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट दिसतील, सगळ्या काढून टाक, आणि वरचं मुख्य बटणही बंद कर. मग ते विचारणंच थांबेल. बातमी वाचायला त्याची काहीएक गरज नसते.

माझ्या सासूबाईंच्या फोनवर केलंय ते इतरांसाठी सांगते. रात्री 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप लागतं, त्यात फक्त घरच्या लोकांचे फोन वाजतात. शिवाय त्याच माणसाचा लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो कोणाचाही असो वाजतो. ॲन्ड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसरा कॉल, आयफोनवर ३ मिनिटांत. मध्यरात्री खरोखर गरज असलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच. मला विचाराल तर फोनमधली सगळ्यात शहाणी सोय हीच आहे. यादी करावी लागत नाही, काही वाचावं लागत नाही, माणसाच्या मूळच्या सवयीवर बेतलेली आहे. अशा आणखी चार निघाल्या तर आम्हा डिझाईनवाल्यांचं नाव निघेल.

एमबी_आठवतेय_का | रविवार, रात्री ८.३०

थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' (PARC) नावाच्या संशोधन प्रयोगशाळेत मार्क वायझर नावाचे संगणकशास्त्रज्ञ होते. तंत्रज्ञानाने सतत समोर नाचू नये, कडेला राहावं आणि लागेल तेव्हाच मध्ये यावं, असा त्यांचा आग्रह. तिथे नॅटली जेरेमिजेन्को या कलाकार बाईंनी छताला एक मोटर लावून तिला आठ फुटी प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. मोटर नेटवर्कच्या केबलला जोडलेली. नेटवर्कवर वर्दळ कमी असली की दोरी अधूनमधून थरथरायची, वाढली की गरगरा फिरून भणभणायची. बोळात टांगलेली, जाता-येता सगळ्यांना कळायचं. कोणाला काही बंद करावं लागत नव्हतं.

आपल्याकडे ठाण्याच्या फलाटावरचा इंडिकेटर असाच. वाशी लोकल किती मिनिटांवर आहे हे तो कोणाच्या खिशात जाऊन सांगत नाही. ज्याला जायचंय तो मान वर करतो.

सोसायटीतली अर्धी माहिती इंडिकेटरच्या जातीची आहे. टाकीत पाणी किती, लिफ्ट चालू की बंद, टँकर आला की नाही. ही फोनवर पाठवताच कशाला? लॉबीत लिफ्टच्या शेजारी टाकीची पातळी दाखवणारी दिव्यांची पट्टी लावा. पाणी उतरलेलं दिसलं की माणूस आपसूक बादली भरतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, रात्री ८.४१

पट्टीची कल्पना आवडली. पंपवाल्याकडे सेन्सर असतो, तो गच्चीत पंप बंद करायला वापरतो. लॉबीपर्यंत वायर ओढायचा खर्च विचारतो. पण आमच्याकडे अर्धे लोक बेसमेंटमधून थेट वर जातात, त्यांना पट्टी दिसणार नाही.

खाडीपल्याड | रविवार, रात्री ९.३५

बेसमेंटच्या लिफ्टपाशीही एक लावू.

सगळ्यांचं वाचून समितीपुढे ठेवायचा मसुदा केलाय, चुका काढा.

एक नवा ग्रुप, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. नाव 'घंटा'. (हसा, पण लक्षात राहील.) त्यावर तोच निरोप जाईल ज्यात सभासदाला काहीतरी करायचंय आणि चोवीस तासांच्या आत करायचंय. पहिल्याच ओळीत काय करायचं ते: 'आज रात्री पाणी भरून ठेवा.' कारण, पत्रक, महापालिकेचा फोटो सगळं त्याखाली. सभासदांनी या एका ग्रुपला वेगळा टोन लावायचा, व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपच्या माहितीत जाऊन लावता येतो. ज्यांना जमत नाही त्यांना रविवारी लॉबीत बसून आमच्या विंगची कॉलेजची पोरं लावून देतील. जुना मुख्य ग्रुप आहे तसा राहील, वाढदिवस, कूलर, भांडणं सगळं तिथे, आणि तो म्यूट करणाऱ्याला कोणी शिष्टपणा म्हणणार नाही. लिफ्ट बंदचा निरोप फक्त त्या विंगला. गेट ॲपच्या कंपनीला समितीचं पत्र जाईल: पाहुणा, सोसायटीची नोटीस आणि जाहिरात यांचे तीन वेगळे वर्ग करा, नाहीतर कराराचं नूतनीकरण करताना आम्ही विचार करू. एकट्या सभासदाचं कोणी ऐकत नाही, सोसायटी पैसे देते तिचं ऐकावं लागतं. तलावपाळी, पैशाच्या मुद्द्यावर एवढंच उत्तर सापडलंय.

तलावपाळी | रविवार, रात्री ९.५२

पुरे आहे. असा एक ग्रुप असेल तर तेवढा मीही चालू ठेवीन.

वकील_पण_शांत | रविवार, रात्री १०.०५

पत्र सभेच्या ठरावाचा क्रमांक घालून पाठवा, वजन येतं. मसुदा लागला तर सांगा, फी नाही.

कळव्याचा_बंड्या | रविवार, रात्री १०.११

आमच्या सोसायटीसाठी ढापतोय हे, हरकत नसेल तर. फक्त 'घंटा' नाव आमच्याकडे चालणार नाही, पोरं त्याचा काय अर्थ लावतील सांगायला नको.

पॅनलवाला | सोमवार, सकाळी ६.५०

मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी घाला. एक, वाजवायचा अधिकार नेमका कोणाला ते लिहा आणि दोघांनाच द्या, अकरा जणांच्या समितीला दिलात तर महिन्याभरात गणपतीची वर्गणी 'घंटा'वर येईल. दोन, वही ठेवा. कधी वाजली, कशासाठी, आणि त्यावर लोकांनी काही केलं का. दर तिमाहीला उघडून बघायची. ज्या प्रकारच्या निरोपावर कोणी हललं नाही, तो पुढच्या वेळी मुख्य ग्रुपवर. आमच्याकडे पहिल्या साफसफाईनंतर चांगलं चालायचं, मग हळूहळू परत गवत माजायचं, कारण वही कोणी उघडत नसे.

सेक्रेटरी_नाइलाजाने | सोमवार, सकाळी ७.३०

दोघांपैकी एक मी, हे ठरलेलंच दिसतंय. वर्गणीचं काकांनी बरोबर ओळखलं, विचार आला होता मनात.

मी मे महिन्यात गावी असतो, तेव्हा दुसरी व्यक्ती खाडीपल्याड. नाही म्हणायचं असेल तर सभेच्या आधी म्हणा.

खाडीपल्याड | सोमवार, सकाळी ९.०५

घेते. पण मे महिन्यातच टँकरचा गोंधळ असतो हे मला माहीत नाही असं समजू नका. टँकरवाल्याचा नंबर, पंपवाल्याचा नंबर आणि ती वही जाण्याआधी माझ्या हातात हवी.

आजी, साइट बंद झाल्या का?

नौपाड्याची_आजी | सोमवार, सकाळी ११.२०

झाल्या. सतरा निघाल्या, त्यातली एकही मला ओळखीची वाटली नाही. नातवाच्या ग्रुपला वेगळा आवाज लावून घेतला तेवढ्यात.